एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत: टीकेइंटरमध्ये मजकूर हलवताना

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली, की अडत दुकानातील दिवाणजींना मान वर करायलाही उसंत मिळत नाही. अशाच एका दुकानासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. डावीकडे शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन आणि भाव भरण्याच्या चौकटी, मध्ये त्या दिवसाच्या आवकेची यादी आणि उजवीकडे पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा, मजकूर दाखवणारी मोठी चौकट, एवढीच त्याची मांडणी होती. डावीकडचे उजवीकडे न्यायचे आणि छापायचे, यात अवघड ते काय, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात अडत, हमाली आणि तोलाईचे गणित एका दुपारी बसले. मजकूर इकडून तिकडे नीट नेण्यात मात्र आठवडा गेला. त्या आठवड्यात अडलेल्या आणि सुटलेल्या गोष्टी येथे मांडत आहे.

पायथनसोबत येणाऱ्या टीकेइंटर या साधनसंचाबद्दल हे लेखन आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजी लिपीत आणि त्यांतील आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

पहिली गोष्ट अशी, की मजकूर 'हलवण्याची' आज्ञा टीकेइंटरमध्ये नाही. एका विजेटमधून (चौकट, यादी, बटण असा खिडकीतला कोणताही घटक म्हणजे विजेट) वाचणे, दुसऱ्यात लिहिणे आणि पहिल्यातले पुसणे, अशा तीन स्वतंत्र क्रिया आपल्याला स्वतः कराव्या लागतात आणि त्यांचा क्रमही आपणच ठरवायचा असतो. या तीन क्रियांसाठी गेट, इन्सर्ट आणि डिलीट अशा तीन आज्ञा आहेत. नावे बहुतेक ठिकाणी सारखी असली, तरी प्रत्येक विजेटमध्ये जागा सांगण्याची पद्धत वेगळी आहे आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

एकओळी चौकट आणि अनेकओळी चौकट

एका ओळीची चौकट म्हणजे एंट्री. तिच्यातला मजकूर वाचताना गेटला काहीही सांगावे लागत नाही. कंस रिकामे ठेवले की पूर्ण मजकूर हाती येतो. लिहिताना मात्र इन्सर्टला जागा सांगावी लागते आणि ती शून्यापासून मोजली जाते. पुसताना शून्यापासून 'एंड'पर्यंत, असे दोन्ही टोक द्यावे लागतात. जुना मजकूर न पुसता नवा घातला, तर तो जुन्याच्या आधी किंवा नंतर चिकटतो. म्हणून एंट्रीत मजकूर बदलायचा असेल, तेव्हा डिलीट आणि इन्सर्ट ही जोडी नेहमी एकत्र लिहावी. मी या जोडीसाठी 'भरा' नावाचे दोन ओळींचे फंक्शन करून ठेवले आहे आणि सगळीकडे तेच वापरतो.

अनेक ओळींची चौकट म्हणजे टेक्स्ट. येथे जागा एका आकड्याने सांगता येत नाही. ओळ आणि स्तंभ असा पत्ता टिंबाने जोडून द्यावा लागतो. ओळी एकपासून मोजल्या जातात आणि स्तंभ शून्यापासून, त्यामुळे अगदी पहिली जागा '१.०' होते. हा पत्ता अवतरणचिन्हांत लिहावा. तो दशांश संख्येसारखा दिसतो म्हणून अवतरणाशिवाय लिहिला, तरी बरेचदा काम होते आणि फसगत नेमकी तिथेच होते. कारण पहिल्या ओळीतील दहावा स्तंभ म्हणून १.१० ही संख्या दिली, की पायथन तिचे १.१ करतो आणि मजकूर दहाव्या जागेऐवजी पहिल्या जागी जाऊन बसतो. संख्येत शेवटच्या शून्याला किंमत नसते, पत्त्यात ती असते.

टेक्स्टमधून वाचताना गेटला पत्ता द्यावाच लागतो. एकच पत्ता दिला तर एकच अक्षर मिळते. सगळा मजकूर हवा असेल तर '१.०'पासून शेवटापर्यंत असे सांगावे लागते. हा 'शेवट' जपून सांगावा. टेक्स्ट विजेट आपल्या मजकुराच्या अखेरीस एक नवओळ स्वतःहून ठेवतो आणि 'एंड' म्हटले, की तीही सोबत येते. पट्टीचा मजकूर एका टेक्स्टमधून दुसऱ्यात आणि तिथून परत पहिल्यात, असा दोन-चार वेळा फिरला की खाली रिकाम्या ओळी साचत जातात. उपाय सोपा आहे: 'एंड'च्या जागी 'एंड-१सी', म्हणजे शेवटापासून एक अक्षर आधी, असे लिहावे. स्ट्रिप वापरूनही ती नवओळ जाते; पण स्ट्रिप दोन्ही टोकांच्या सर्व मोकळ्या जागा खाते आणि पट्टीतल्या पहिल्या ओळीची समासातली मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असेल, तर तीही जाते. म्हणून मी नाव-गावासाठी स्ट्रिप आणि पट्टीसाठी 'एंड-१सी' वापरतो.

उलट दिशेने, म्हणजे टेक्स्टमधला मजकूर एंट्रीत नेताना, आणखी एक अडचण येते. एंट्री एका ओळीचीच असली, तरी तिच्यात घातलेली नवओळ ती टाकून देत नाही. ते अक्षर आत तसेच राहते आणि पुढे फाइलमध्ये लिहिताना एका नोंदीच्या दोन ओळी होतात. त्यामुळे मजकूर आधी ओळींनुसार तोडून मध्ये एक मोकळी जागा देत जोडून घ्यावा आणि मगच एंट्रीत भरावा.

लेबलबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. त्याला गेट किंवा इन्सर्ट नाही. कॉन्फिगने 'टेक्स्ट' हा गुण बदलला की मजकूर बदलतो आणि सीगेटने तो वाचता येतो.

आधी लिहावे, मग पुसावे

माझी पहिली चूक क्रमाची होती. 'पट्टी करा' या बटणामागचे फंक्शन नाव वाचत असे, चौकट पुसत असे, मग वजन वाचून त्याची संख्या करत असे आणि शेवटी उजवीकडे मजकूर लिहीत असे. एके दिवशी दिवाणजींनी वजनाच्या चौकटीत आकड्यापुढे 'क्विंटल' असेही लिहिले. संख्या करण्याच्या ओळीवर पायथन अडला आणि फंक्शन तिथेच थांबले; तोपर्यंत नाव पुसले गेले होते आणि पट्टी अजून लिहिली गेली नव्हती. 'भाऊ, पट्टी काहून कोरी हाय?' असा फोन आला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण पडद्यावर कोणतीही चूक दिसत नव्हती.

ती न दिसण्याचेही कारण आहे. बटणामागच्या फंक्शनमध्ये चूक झाली, तर टीकेइंटर प्रोग्रॅम बंद पाडत नाही. तो झालेल्या चुकीबद्दलचा तपशील टर्मिनलमध्ये छापतो आणि खिडकी चालू ठेवतो. दुकानात प्रोग्रॅम टर्मिनलशिवाय उघडला जात असल्याने तो तपशील कोणालाही दिसत नाही. यावर उपाय म्हणून मुख्य खिडकीची 'रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन' ही आज्ञा आपल्या फंक्शनने बदलावी आणि त्यात मेसेजबॉक्स दाखवावा. हे काम मी आता प्रत्येक प्रोग्रॅममध्ये खिडकी उघडण्याच्या आधीच करून ठेवतो.

क्रमाचा उपाय असा: प्रथम सर्व चौकटी वाचून चलांत ठेवाव्यात, मग त्या सर्वांची तपासणी करावी, त्यानंतर नव्या जागी मजकूर लिहावा आणि तो लिहून झाल्यावरच जुन्या जागेचा मजकूर पुसावा. मध्येच काही बिघडले, तर मजकूर दोन्हीकडे राहील; दोन्हीकडून जाणार नाही. दुहेरी नोंद दिवाणजींच्या नजरेला लगेच पडते, हरवलेली नोंद शेतकरी पैसे मागायला आल्यावरच कळते.

मजकूर जातच नाही, तेव्हा

आज्ञा बरोबर आहे, चूकही दिसत नाही आणि तरीही मजकूर पोहोचत नाही, अशा वेळी लिहिण्याच्या चौकटीची 'स्टेट' पाहावी. पट्टीत कोणी हाताने फेरफार करू नये म्हणून मी तो टेक्स्ट 'डिसेबल्ड' केला होता. अशा टेक्स्टवर वापरकर्त्याचे टंकन तर चालत नाहीच, पण आपल्या प्रोग्रॅममधील इन्सर्ट आणि डिलीटही निमूटपणे निष्फळ ठरतात. लिहिण्याआधी स्टेट 'नॉर्मल' करावी, लिहावे आणि पुन्हा 'डिसेबल्ड' करावी. 'रीडओन्ली' एंट्रीचेही तसेच आहे. मात्र तिला स्ट्रिंगव्हार, म्हणजे मजकूर धरून ठेवणारा टीकेइंटरचा खास चल, जोडलेला असेल, तर त्याच्यामार्फत बदललेला मजकूर तिच्यात दिसतो.

दुसरे कारण बटण जोडताना झालेल्या चुकीत सापडते. बटणाच्या 'कमांड'पुढे फंक्शनचे नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लावले, तर ते फंक्शन बटण तयार होताच एकदा चालते, त्या क्षणी रिकाम्या असलेल्या चौकटी वाचते आणि नंतर बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. तिसरे कारण विजेट तयार करून त्याच ओळीत पॅक किंवा ग्रिड करण्यात असते. पॅक आणि ग्रिड काहीच परत देत नाहीत, त्यामुळे आपल्या चलात एंट्रीऐवजी 'नन' येऊन बसतो आणि पुढे गेट म्हटले, की 'ननटाइप'ची तक्रार येते. तयार करणे एका ओळीत आणि मांडणे पुढच्या ओळीत असावे.

गावांच्या बटणांवर मी आणखी एकदा फसलो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर अशी बटणे एका फेऱ्यात (लूपमध्ये) तयार केली होती आणि प्रत्येकाला लॅम्डा, म्हणजे एका ओळीचे बिननावी फंक्शन, जोडला होता; दाबलेल्या बटणावरचे गाव एंट्रीत जावे, अशी अपेक्षा होती. कोणतेही बटण दाबले तरी गाव सावनेरच येत असे. लॅम्डा गावाचे नाव त्या वेळी साठवून ठेवत नाही. बटण दाबल्यावर तो चलाकडे पाहतो आणि तोपर्यंत फेरा संपून चलात शेवटचे गाव राहिलेले असते. लॅम्डाच्या आर्ग्युमेंटला गावाची पूर्वनिर्धारित किंमत दिली, की प्रत्येक बटण आपापले गाव धरून ठेवते.

यादीतली निवड का हरवते

आवकेची यादी लिस्टबॉक्समध्ये होती. ओळ निवडायची आणि तिच्यातला मजकूर डावीकडच्या चौकटींत यावा, असे काम. निवडलेल्या ओळींचे क्रमांक करसिलेक्शन या आज्ञेने मिळतात आणि एकच ओळ निवडली असली तरी उत्तर टपल, म्हणजे अनेक घटकांचा संच, असते, म्हणून त्यातला पहिला घटक घ्यावा लागतो. इथपर्यंत सरळ आहे. पण वापरकर्त्याने यादीत ओळ निवडली आणि मग नावाच्या चौकटीतले चार शब्द माउसने ओढून निवडले, की यादीतली निवड आपोआप नाहीशी होते, करसिलेक्शन रिकामा टपल देते आणि पहिला घटक मागणारी ओळ कोसळते.

टीकेइंटर ज्याच्यावर उभा आहे, त्या टीकेच्या जन्मकथेशी हे जोडलेले आहे. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात टीसीएल ही भाषा आणि तिच्यासाठी टीके हा साधनसंच घडवला, तो युनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीसाठी. त्या प्रणालीत पडद्यावरची 'निवड' एका वेळी एकाच्याच मालकीची मानली जाते. लिस्टबॉक्स, एंट्री आणि टेक्स्ट या तिन्ही विजेटांमध्ये 'एक्सपोर्टसिलेक्शन' हा गुण मुळातच चालू असतो, म्हणून एकाने निवड घेतली की दुसऱ्याची सुटते. यादीसाठी हा गुण 'फॉल्स' करावा. तरीही रिकाम्या टपलची तपासणी ठेवावीच, कारण काहीही न निवडता बटण दाबणारा माणूस प्रत्येक दुकानात असतो.

एका यादीतून दुसऱ्या यादीत एकाच वेळी अनेक ओळी न्यायच्या असतील, तर पुसताना खालून वर जावे. दुसरी आणि पाचवी ओळ निवडलेली असताना वरून सुरुवात केली, तर दुसरी गेल्याबरोबर पाचवी चौथी होते आणि आपण सहावीचा बळी देतो. लिहिताना मात्र क्रम वरून खालीच ठेवावा, म्हणजे नव्या यादीत ओळी उलट्या लागणार नाहीत.

टेक्स्टमधला निवडलेला तुकडा हवा असेल, तर 'सेल.फर्स्ट' आणि 'सेल.लास्ट' हे पत्ते गेटला द्यावेत. काहीच निवडलेले नसेल, तर हे पत्ते अस्तित्वातच नसतात आणि टीसीएल-एरर येतो. तेव्हा टॅग-रेंजेसने 'सेल' रिकामा आहे का, ते आधी विचारावे. कर्सर असेल तिथे मजकूर घालायचा असेल, तर पत्त्याच्या जागी 'इन्सर्ट' हा शब्द द्यावा. आज्ञा आणि पत्ता यांचे नाव एकच असल्याने वाचताना जरा गोंधळ होतो, पण सवय होते.

एकच मजकूर दोन ठिकाणी

शेतकऱ्याचे नाव टाइप होत असतानाच वरच्या लेबलवर दिसावे, अशी दिवाणजींची इच्छा होती. यासाठी प्रत्येक कळीवर गेट आणि कॉन्फिग करत बसू नये. एक स्ट्रिंगव्हार तयार करून तो एंट्री आणि लेबल या दोघांच्या 'टेक्स्टव्हेरिएबल'ला जोडला, की दोन्हीकडे एकच मजकूर राहतो आणि हलवण्याचा प्रश्नच उरत नाही. स्ट्रिंगव्हार फंक्शनच्या आतल्या चलात ठेवू नये. फंक्शन संपले की पायथन तो टाकून देतो आणि जोडणी तुटते. तो वर्गाच्या 'सेल्फ'वर ठेवावा. टेक्स्ट विजेटला टेक्स्टव्हेरिएबल नसतो, म्हणून पट्टीसाठी ही सोय मिळत नाही. तिथे स्ट्रिंगव्हारवर ट्रेस-अ‍ॅडने 'राइट'चा पहारा बसवावा आणि त्या फंक्शनमध्ये पट्टी नव्याने लिहावी. या फंक्शनला तीन आर्ग्युमेंट आपोआप मिळतात, ती घेण्याची तयारी ठेवावी.

वजन आणि भावासाठी इंटव्हार किंवा डबलव्हार हे संख्या धरणारे चल वापरण्याचा मोह होतो, पण चौकट रिकामी असताना त्यांचे गेट टीसीएल-एरर देते. दुसरे कारण आपल्यासाठी अधिक मोलाचे आहे. दिवाणजी '४५०' असे मराठी अंकांत लिहितात. टीसीएलला हे अंक संख्या म्हणून कळत नाहीत. पायथनच्या इंट आणि फ्लोट या फंक्शनांना मात्र ते कोणतीही जुळवाजुळव न करता कळतात. म्हणून मजकूर स्ट्रिंगव्हारमधूनच घ्यावा, स्ट्रिप करावा, '१,२५०' यातला स्वल्पविराम काढावा आणि मग पायथनकडून संख्या करून घ्यावी. उत्तर परत लिहिताना पायथन इंग्रजी अंकच देतो. पट्टी मराठी अंकांत हवी असेल, तर मेकट्रान्सने दहा अंकांचा तक्ता करून ट्रान्सलेटने बदल करावा.

देवनागरीची स्वतःची गणिते

अक्षर म्हणजे काय, याबाबत आपले आणि संगणकाचे मत जुळत नाही. 'संत्रा' हा शब्द आपण दोन अक्षरांचा मानतो. युनिकोडमध्ये त्याचे स, अनुस्वार, त, हलन्ताची खूण, र आणि काना असे सहा घटक होतात आणि पायथन त्याची लांबी सहा सांगतो. टेक्स्टमधले स्तंभही याच घटकांनी मोजले जातात. पट्टीच्या अरुंद रकान्यात बसावे म्हणून मी मालाचे नाव पहिल्या चार घटकांवर तोडले होते, तेव्हा छापून आले 'संत्'. उरलेला भाग दुसऱ्या चौकटीत नेला असता, तर तिथे र आणि काना मिळून 'रा' दिसला असता. म्हणून देवनागरी मजकूर तोडायचा असेल, तर शक्यतो मोकळ्या जागेवर तोडावा. शब्दाच्या आत तोडणे भागच असेल, तर पुढचा घटक मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त नाही आणि मागचा घटक हलन्त नाही, एवढे तरी पाहावे.

सारखे दिसणारे दोन शब्द सारखे नसण्याचा प्रकार याहून त्रासदायक आहे. विदर्भात कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकाच घटकाने लिहिता येतो, तसाच साधा र आणि खालची नुक्त्याची खूण अशा दोन घटकांनीही लिहिता येतो; काही कीबोर्ड र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण घालून तोच आकार साधतात. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, पण यादीत शोध घेतला तर एकाला दुसरा सापडत नाही. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत मजकूर नेण्याची वाट हीच तो स्वच्छ करण्याची योग्य जागा आहे. युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील नॉर्मलाइजला 'एनएफसी' सांगितले, की पहिले दोन प्रकार एक होतात. अदृश्य जोडखुणेचा तिसरा प्रकार त्याने बदलत नाही, त्यासाठी रिप्लेसची एक ओळ स्वतंत्र लिहावी लागते.

क्लिपबोर्डवरून येणाऱ्या मजकुराबाबतही एक सावधगिरी हवी. छपाईच्या दुकानांत कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली कामे अजून सापडतात. त्यांत मराठी दिसत असले तरी आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे असा मजकूर आपल्या चौकटीत चिकटवला की अगम्य इंग्रजी अक्षरे उमटतात. हा दोष आपल्या प्रोग्रॅमचा नसतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. लिनक्सवर टीकेच्या ८.६ आवृत्तीत जोडाक्षरे सुटी आणि वेलांट्या सरकलेल्या दिसतात, तेव्हाही घाबरू नये. तिथे बिघाड फक्त दाखवण्यात असतो. तोच मजकूर फाइलमध्ये लिहून दुसऱ्या संपादकात उघडला, तर तो शाबूत आढळतो.

क्लिपबोर्डचा उपयोग प्रोग्रॅमच्या बाहेर मजकूर देण्यापुरताच करावा, असे माझे मत आहे. आपल्याच दोन चौकटींमध्ये मजकूर नेण्यासाठी तो वापरला, तर वापरकर्त्याने आधी कॉपी करून ठेवलेले पुसले जाते. बाहेर द्यायचा असेल, तेव्हा क्लिपबोर्ड-क्लिअर करून क्लिपबोर्ड-अपेंड करावे. घेताना क्लिपबोर्ड रिकामा असेल तर टीसीएल-एरर येतो, तो पकडावा.

सध्या त्या दुकानात 'पट्टी करा' हे बटण दाबले, की नाव, गाव, वजन आणि भाव आधी वाचले जातात, स्वच्छ होतात, तपासले जातात, पट्टीत लिहिले जातात आणि मगच डावीकडच्या चौकटी रिकाम्या होऊन कर्सर नावावर जातो. वजनापुढे 'क्विंटल' लिहिले, तर एक खिडकी उघडून 'वजन फक्त आकड्यांत लिहावे' असे सांगते आणि भरलेले सर्व जागच्या जागी राहते. दिवाणजी अजूनही अधूनमधून 'क्विंटल' लिहितात.